घरीच इंजिनाचं काम केल्यावर गाडी मिस मारते. कॉइल बदलली तरी पंधरवड्यात पुन्हा तेच

मिस म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न जळणं. तक्रार अशी. बॉनेट उघडायच्या आधी गाडी बरी होती. घरी बसून प्लग, पॅकिंग, फिल्टर केलं आणि तेव्हापासून रेल्वे फाटकाशी उभी असली की स्टिअरिंग थरथरतं, चढाला पिकअप तुटतो, मध्येच पिवळी चेक लाइट लुकलुकते. एखादा पार्ट बदलला की आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा पाढे पंचावन्न. माझ्याकडे हे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी सुरू झालं आणि जवळजवळ महिनाभर चाललं. या काळात "सापडलं!" असं मी तीनदा म्हणालो. घरचे अजून चिडवतात.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), फिरलेली एक लाख दहा हजार किलोमीटर. चाळीसगावात राहतो, म्हणजे सपाटीवरची गाडी खरोखर बरी आहे की नाही हे बघायला कन्नडचा घाट हाताशी आहे. या सगळ्या प्रकरणात खरा तपासनीस तो घाटच ठरला.

मूळ काम एवढंच होतं की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेने तेल पाझरत होतं. त्यावर आपल्याकडचा फुफाटा बसून इंजिनावर काळी साय धरली होती. पॅकिंग आणलं, रविवारी सकाळी कव्हर खोललं. आता खोललंच आहे तर चारही प्लग नवे टाकू, म्हटलं. एअर फिल्टरचा डबा निघालाच आहे तर फिल्टरही करू आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) स्प्रेने धुऊन काढू. बॅटरीचा निगेटिव्ह काढलाच होता, तर टर्मिनलही घासून घेतलं. एका बैठकीत पाच कामं. जेवायच्या आत गाडी सुरू झाली आणि सुरू झाल्या झाल्या १५०० आरपीएमवर ओरडायला लागली.

इथेच माझी पहिली चूक सांगून टाकतो, कारण पुढचा महिना तिच्यामुळे गेला. पाच कामं एकदम केली की दोष पाचांतल्या कुणाचाही असू शकतो, आणि दोन दोष एकावर एक बसले असतील तर पहिला निघाल्यावर माणसाला वाटतं की काम झालं.

स्लो जास्त, आवाज सुईसुई

थंड इंजिन थोडा वेळ जास्त फिरणारच. पण गरम झाल्यावर माझ्या गाडीची स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, ७५० ते ८०० च्या आसपास असते. ती १५०० वर अडकली तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे असं धरा. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये (हवा इंजिनात जायच्या वाटेत) जोराची ओढ असते. एखादा पाइप सुटला, तडकला किंवा क्लिप नीट बसली नाही की तिथून हवा खेचली जाते. ज्या गाडीत इनटेकचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे ही जास्तीची हवा हिशोबात धरली जाते, तेवढं पेट्रोलही सुटतं आणि स्लो वर चढते. ज्या गाडीत फिल्टरजवळ हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे ही हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. दोष एकच, लक्षणं दोन, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्याला जशास तसा लागू पडत नाही.

शोधायचं कसं? बरेच जण गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारून बघतात. मी ते करत नाही. तो फवारा पेट घेतो आणि बाजूलाच सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तापलेला असतो. अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं एकेका जोडाजवळून फिरवा, फॅन आणि बेल्टपासून लांब राहून. सुईसुई आवाज एका जागी एकदम मोठा होतो. संशय असेल तिथे थोडं साबणाचं पाणी सोडा. इथे ट्यूबच्या पंक्चरसारखे बुडबुडे येणार नाहीत, उलट पाणी आत ओढलं जाईल आणि क्षणभर स्लो बदलेल.

माझ्याकडे टॅपेट कव्हरमधून इनटेकला जाणारा ब्रीदर पाइप निघाला. जुना, उन्हाने कडक झालेला; काढताना वाकवला तेव्हा खालच्या बाजूने तडा गेला होता आणि तो तडा वरून दिसत नव्हता. पाइप बदलला, आवाज बंद. डिपस्टिक पूर्ण दाबलेली आहे का आणि ऑइलचं झाकण घट्ट आहे का हेही याच वेळी बघून घ्या, फुकटचं काम आहे.

हे झालं "सापडलं" क्रमांक एक.

आवाज गेला, पण स्लो वरखाली व्हायला लागली. ६०० वर येई, गाडी बंद पडते की काय असं वाटे, मग ११०० वर उडी. याला घाबरू नका. थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी साचत जाते तसतसा कॉम्प्युटर पाकळी जरा जास्त उघडी ठेवायला शिकतो. आपण काजळी धुतली की तीच उघडीक आता जास्त हवा सोडते. त्यात बॅटरी काढली असेल तर शिकलेलं बरंचसं पुसलं गेलेलं असतं. इंजिन गरम करून, एसी-दिवे बंद ठेवून दहा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मग एसी लावून पुन्हा तेवढाच वेळ, आणि दोन-तीन दिवस साधी रपेट. माझी गाडी तिसऱ्या दिवशी शहाणी झाली. काही गाड्यांना स्कॅनरने थ्रॉटल शिकवावा लागतो, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. एक मात्र लक्षात ठेवा: पाकळी मोटरवर चालणारी असेल तर चावी चालू ठेवून बोटाने ढकलायची नाही. बोट आणि आतले प्लास्टिकचे दाते, दोघांनाही ते परवडणारं नाही.

घाटात चेक लाइट

आखाजीला ताईला आणायला कन्नडला निघालो. सपाटीला गाडी लोण्यासारखी. घाटाच्या मध्यावर तिसऱ्या गिअरला जरा दाबली आणि पाठीवर कुणीतरी गुद्दे मारावेत तसे हिसके सुरू झाले. चेक लाइट लुकलुकायला लागली.

लाइट नुसती पेटलेली राहणं आणि लुकलुकणं यात फरक आहे. लुकलुकते तेव्हा एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकते आहे आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं आहे. तिथे ते जळतं, आणि आतली जाळी वितळेपर्यंत तापू शकते. तो पार्ट महाग आहे. त्यामुळे दाबू नका, बाजूला घ्या, थोडा वेळ थांबा, मग हलक्या पायाने जा. मी दुसऱ्या गिअरला रडतखडत वर पोचलो आणि परतीला उतार असल्याने निभावलं.

घरी आल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला. हजाराच्या आत मिळतो. ज्याला बॉनेट उघडायची खोड आहे त्याने पान्यांच्या आधी हा घ्यावा. कोड आला पी०३०३, म्हणजे तीन नंबरला मिस. शेवटचा आकडा सिलिंडरचा: पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे एक ते चार, आणि पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडर किंवा ठरावीक असा कुठलाच नाही. मोजायला बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूने सुरुवात करतात. उलट्या टोकाकडून मोजलं तर तीन नंबर म्हणून दोन नंबर खोलून बसाल.

त्या संध्याकाळी चौकात चार जणांनी पेट्रोलवर खापर फोडलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते पाणी धरून ठेवतं, त्यात उष्णतेची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, हे सगळं खरं. पण टाकीतलं पेट्रोल खराब असेल तर चारही सिलिंडर रडतील. एकटा तीन नंबर रडतो तेव्हा दोष तीन नंबरजवळच शोधायचा. गाडीला सीएनजी किट असेल तर मात्र आधी पेट्रोलवर चालवून बघा. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडतो आणि पेट्रोलवर काही दिवस लपून राहतो.

आता अदलाबदलीची परीक्षा. इंजिन थंड, चावी बंद. तीन नंबरची कॉइल एकवर, एकची तीनवर. कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबायचे, कोड पुसायचा, गाडी फिरवायची. कोड पी०३०१ झाला म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. तसाच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करायची. एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर पुन्हा पहिल्या रविवारसारखी गत.

माझा कोड सरकला. कॉइल खराब. अठराशे रुपयांची नवी कॉइल बसवली, गाडी मस्त. "सापडलं" क्रमांक दोन. कॉइल काढताना तिची रबरी टोपी जरा ओशट लागली होती. फडक्याला पुसली आणि विसरलो.

बारा दिवसांनी ताईला परत सोडायला निघालो. घाट तोच, जवळजवळ वळणही तेच. हिसके. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, गाडीला उचकी लागली."

कोड पुन्हा पी०३०३.

कॉइल मेली, पण का मेली

शेजारी नाना राहतात. एसटीच्या वर्कशॉपात सगळी नोकरी डिझेलमध्ये हात काळे करून काढलेली. पेट्रोल गाडीला ते खेळणं म्हणतात. संध्याकाळी मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो, तर कुंपणापलीकडून म्हणाले, "काय भो, घोडी लंगडस का?" मी सगळी कथा सांगितली, नवी कॉइल पण गेली म्हणालो, आता दुसऱ्या कंपनीची आणतो म्हणालो. त्यांनी काढलेली कॉइल हातात घेतली, टोपी बोटांनी चोळली, वास घेतला. "कॉइल मरनी, हाई खरं. पन तिले मारं कोनी?"

टॉर्च घेऊन तीन नंबरच्या नळीत बघितलं. प्लग जिथे बसतो त्या खोल नळीच्या तळाशी बोटभर इंजिन ऑइल चमकत होतं.

अदलाबदलीच्या परीक्षेने मला खोटं सांगितलं नव्हतं. कॉइल खरोखरच खराब झालेली होती. फक्त ती गुन्हेगार नव्हती, बळी होती, आणि मी पंचनामा करून पुढे निघून गेलो होतो.

घडलं असं. ज्या इंजिनात प्लग मधोमध खोल नळीत बसतात, तिथे टॅपेट कव्हरला दोन प्रकारची सील असतात. एक बाहेरून फिरणारं मोठं पॅकिंग आणि दुसरी प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक अशी चार गोल सील. मी आणलेल्या पुड्यात फक्त मोठं पॅकिंग होतं. गोल सील जुनी होती, दिसायला ठीक होती, तशीच ठेवली. पण लाखभर किलोमीटर उष्णतेत शिजलेलं रबर त्याच्या जागेवर हललं नाही तोवरच धरून असतं. एकदा उचललं की पुन्हा तसं बसत नाही. तीन नंबरचं तर कव्हर ठेवताना कडेला दुमडलंही होतं.

मग तेल थेंबाथेंबाने नळीत उतरायचं. तेल स्वतः विजेचं वाहक नाही. पण त्यात काजळी आणि धूळ असते, आणि टोपीचं रबर तेलाने फुगून मऊ पडतं. ठिणगीला प्लगच्या टोकाऐवजी टोपीतून नळीच्या भिंतीकडे जायला वाट मिळते. एकदा गेली की रबरावर आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते, आणि पुढची प्रत्येक ठिणगी तीच वाट धरते. सपाटीवर हे कळत नाही. चढाला सिलिंडरातला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग वीज सोपी वाट निवडते. म्हणून घाट. आणि नळी भरायला आठ-दहा दिवस लागायचे, म्हणून प्रत्येक नवा पार्ट तेवढे दिवस बरा चालायचा.

बिघाड ठरावीक दिवसांनी परत येत असेल तर काहीतरी हळूहळू साचतं आहे, पाझरतं आहे किंवा सैल होतं आहे. नवा पार्ट आणण्याआधी हे शोधा.

दुसऱ्यांदा केलं ते असं

प्लग काढण्याआधी नळीतलं तेल काढावं लागतं, नाहीतर प्लग सुटताच ते सिलिंडरात जातं. मी मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून ओढलं, उरलेलं स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलेल्या फडक्याने टिपलं. तेल नसलं तरी नळीत धूळ असतेच; ती पंक्चरवाल्याकडच्या हवेने आधी उडवा. आपल्याकडच्या मातीचे कण पिस्टनवर पडायला नकोत. रबरी टोपी पेट्रोलने धुवायची नाही, आणखी फुगते. माझी तर बदलावीच लागली. काही कॉइलींना टोपी सुटी मिळते, विचारून बघा, अख्खी कॉइल घ्यायची गरज पडत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर अठराशे वाचले असते.

चारही गोल सील नवी घातली. तुमच्या गाडीत ती मोठ्या पॅकिंगला जोडलेलीच असतील किंवा कव्हरमध्ये ठोकून बसवलेली असतील. पुडा घेण्याआधी दुकानात उघडून बघा. नळीच्या खालच्या टोकाकडून तेल येत असेल तर वरची सील बदलून काही होणार नाही, तो वेगळा जोड आहे. सिलिकॉन पेस्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवरच, तांदळाच्या दाण्याएवढी. आमच्याकडे केकवर आयसिंग करावं तशी पेस्ट लावायची पद्धत आहे. ती आत सुटून तेलाच्या वाटेत अडकते. कव्हरचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, हलक्या हाताने. हे छोटे बोल्ट आहेत, चाकाचे नट नव्हेत. मी पहिल्या वेळी एका कोपऱ्यापासून गोल फिरत आवळले होते.

प्लगही पुन्हा बघितले. तीन नंबरच्या मातीवर काळी रेघ होती, तो फेकला. अशी रेघ पुसून प्लग परत वापरू नका, नवी टोपी दोन दिवसांत जाते. गॅप फिलर गेजने मोजा. माझ्या गाडीला १.० ते १.१ मिलिमीटर लागतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. नवा प्लग खोक्यातून निघाला म्हणजे गॅप बरोबर असं नाही, आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग तर मोजल्याशिवाय लावायचाच नाही. आधी बोटांनी फिरवून टेकेपर्यंत, मग नवा वायसर असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा. तोच प्लग परत बसवताना एवढं फिरवू नका, वायसर आधीच दबलेला असतो. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर खरा खर्च तिथून सुरू होतो.

तुमचा कोड कॉइलबरोबरही सरकला नाही आणि प्लगबरोबरही नाही, तर त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या पार्टचा) कपलर बघा. काम करताना कोपर लागून अर्धवट सुटतो. गाडी धान्याच्या गोदामाजवळ उभी राहत असेल तर वायर उंदरांनी कुरतडली आहे का तेही बघा. वायर धड असेल तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजून घ्या. चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक बराच कमी आला आणि त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकल्यावर वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या; वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे बोट जातं. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) स्वतः सेट केला असेल तर सगळ्यात आधी तोच तपासा. कमी गॅप ठेवला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड असताना गाडी ठीक आणि गरम झाल्यावर मिस, याचं ते एक कारण असतं. पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कॉइलही गरम झाल्यावरच दगा देते, त्यामुळे अदलाबदलीची परीक्षा इंजिन गार असताना नव्हे, रपेट मारून आल्यावरच निकाली काढा.

काम झाल्यावर लगेच घाटात गेलो नाही. आठवडाभर गावात फिरवली, मग चारही कॉइली उचलून प्रत्येक नळीत वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बाहेर काढली. एक, दोन, चार कोरड्या. तीन नंबरच्या कागदावर पुसट डाग होता. तो उरलेल्या तेलाचा की नव्या गळतीचा, कळेना. कागदावर तारीख घालून ठेवली आणि आणखी आठ दिवसांनी दुसरी गुंडाळी घातली. ती कोरडी आली. मग नानांना बाजूला बसवून घाट चढलो, तिसऱ्या गिअरला, एसी लावून. वर पोचल्यावर ते म्हणाले की बसमध्ये यापेक्षा झोप चांगली लागते.